एकतीस गावं आणि एक भोक

मुन्शीजी आमच्या ओसरीवर आले की बसायच्या आधी शेरवानीचा उजवा खिसा उलटा करत. त्यातून चिंचोके पडत. ते मोजून डाव्या खिशात भरत आणि मगच "सलाम, पेशकारसाहेब" म्हणत. हजार पावलं झाली की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे, हा त्यांचा हिशेब. जुन्या जालन्यातल्या त्यांच्या घरापासून आमच्या दारापर्यंत दोन चिंचोके आणि वर काही पावलं होत. हे अंतर त्यांनी शेकडो वेळा मोजलं असेल. तरी मोजायचे.

"रोज तेवढंच भरतं ना?" मी एकदा विचारलं.

"रोज नाही, बेटी. उन्हाळ्यात गाव लांब जातं."

आमची भांडी घासणारी गयाबाई आतून म्हणाली, "गाव कशाला जातंय लांब? म्हातारपण जवळ येऊन राह्यलंय मुन्शीजीचं."

ते हसले. दात कमी होते, पण हसणं मोठं होतं.

माझे वडील तहसील कचेरीत पेशकार होते. तहसीलदारापुढे कागद मांडणं हे त्यांचं काम. मुन्शीजी त्याच खात्यात गिरदावर म्हणून राबून घरी बसलेले. पटवाऱ्यांची दप्तरं तपासत त्यांनी तीस वर्षं पायी तालुका तुडवला होता. कुठल्या शिवारात कुठला बांध कुणी सरकवला, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण मी त्यांना ओळखू लागले तेव्हा त्यांच्या डोक्यात जमीन नव्हती, पोथी होती. गोदावरीच्या माहात्म्याची पोथी. तिच्यात नदीकाठच्या बत्तीस तीर्थांची नावं एकामागून एक येतात. कुठून किती अंतर, कुठल्या दिशेला, तिथे काय करायचं, सगळं. आणि त्या बत्तीसपैकी निम्मी गावं जमिनीवर कुठेच नव्हती.

"गावं होती," मुन्शीजी म्हणायचे. "नक्कल करणाऱ्यांनी मारली."

पोथ्या हातानं उतरवत. एकाची दुसरा, दुसऱ्याची तिसरा. मुन्शीजींच्या मते त्यांच्या हाती आलेल्या पोथीच्या मागे पाच माणसं होती, आणि त्या पाचांना ते शेजाऱ्यांसारखे ओळखत. पहिला म्हातारा, त्याला दिसत नव्हतं. दुसरा उपाशी, दुपार जवळ आली की त्याची नावं आखूड होत. तिसऱ्याची नजर एकदा एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर घसरली, आणि एका गावाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसलं. असं गाव जगात कधी नव्हतंच. तरी यात्रेकरू शंभर वर्षं ते शोधत होते. चौथ्याबद्दल ते बोलत नसत. पाचवा पंडित होता. माहीत नसलेलं नाव आलं की हा आपल्या ओळखीचं घालायचा.

"आंधळ्याला माफी आहे," ते म्हणायचे. "उपाशाला पण आहे. या पाचव्याला मी दोजखमध्ये गाठणार आहे. हुशार माणूस नक्कल करायला बसला, की एक गाव गेलं समजा."

ते हे हसत म्हणत नसत.

एका मुसलमान गिरदावरानं गोदावरीच्या तीर्थांच्या मागे का लागावं, असं लोक विचारत. कुणी चेष्टेनं, कुणी रागानं. कारण मला वडिलांनी सांगितलं. मुन्शीजी तरुण असताना दोन गावांचा एका झऱ्यावरून तंटा झाला. दोन्ही गावं म्हणत, पोथीतलं तीर्थ आमचं. एका गावानं पोथीच आणून दाखवली. मुन्शीजींनी तिच्यातलं नाव वाचलं आणि तसा अहवाल लिहिला. झरा त्या गावाकडे गेला. पुढे कित्येक वर्षांनी दुसरी एक पोथी त्यांच्या पाहण्यात आली. तिच्यात नाव दुसऱ्या गावाचं होतं. ते धावत तिथे गेले, तर गाव उठलेलं. पाणी नाही म्हणून लोक पांगले होते. नुसत्या भिंती होत्या, आणि एका भिंतीत चूल.

"माझ्या सहीनं झालं," एवढंच ते मला म्हणाले होते. कधी, ते आठवत नाही. चूल मात्र त्यांनी दोनदा सांगितली.

त्यानंतर ते सवड मिळेल तेव्हा नदीकाठी जात. चावडीत बसत नसत, ब्राह्मणाला विचारत नसत. म्हाताऱ्या बायांना आणि मेंढरं राखणाऱ्यांना विचारत, की या टेकाडाला काय म्हणता, त्या डोहाला काय म्हणता. गावाच्या शिवेवर जोडे काढून हातात घेत. असं का, तर म्हणे, "गावाची माफी मागायला आलोय. जोडे घालून मागू?"

एका गावी मोठी यात्रा भरत असे. पोथीतलं गाव ते आपलंच, असं तिथल्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मुन्शीजींनी सगळं मोजून पाहिलं आणि पारावर उभं राहून सांगितलं, की ते गाव हे नव्हे. पोरं दगड घेऊन उठली. वडील तेव्हा सोबत होते. ते म्हणतात, मुन्शीजी जागचे हलले नाहीत. एका म्हातारीनं गर्दीतून विचारलं, "मंग आमचा देव कुठला रं, बाबा?"

"देव तुमचाच आहे, आई," मुन्शीजी म्हणाले. "गाव दुसऱ्याचं आहे."

परतीच्या वाटेवर वडील त्यांना म्हणाले, गप्प बसला असतात तर कुणाचं काय गेलं असतं? तेव्हा ते वडिलांशी चार चिंचोके बोलले नाहीत.

मी सिकंदराबादला मावशीकडे राहून कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते. रझाकारांची गडबड वाढली तसं वडिलांनी मला जालन्याला आणलं. मला इंग्रजी चांगलं येत होतं आणि बाकी काही येत नव्हतं. मराठी बोलताना मी अडखळायचे, म्हणून बोलायचेच नाही. घरी आलेल्या बायका माझ्याकडे बघून आईला विचारायच्या, "मुकी आहे का हो?" मला नागरी लिपी वाचता यायची, पण अक्षर अक्षर लावून, लहान मुलासारखी.

मुन्शीजींनी एक दिवस मला वर्तमानपत्राचा एक तुकडा उतरवायला दिला. मी उतरवला. त्यात छापणाऱ्याच्या चुका होत्या, त्या सगळ्या माझ्या कागदावर जशाच्या तशा आल्या. त्यांनी कागद डोळ्यांपासून चार बोटांवर धरून पाहिला. मोतीबिंदूनं त्यांची नजर जात चालली होती. ते खूश होऊन वडिलांना म्हणाले, "पेशकारसाहेब, हिला काहीच येत नाही!"

मला रडू आलं. त्यांना ते दिसलं नसावं.

"बेटी, वीस वर्षं मी असा माणूस शोधतोय," ते म्हणाले.

शहागडच्या एका जोशांकडे फार जुनी पोथी होती, पाचही जणांच्या आधीची. जोशी ती दाखवत नसत. एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात जोशी कुटुंब सगळं आवरून संस्थानाच्या सरहद्दीपलीकडे, नगरकडे, निघायच्या बेतात होतं. रझाकारांच्या भीतीनं रोज कुणी ना कुणी निघतच होतं. वडिलांच्या शब्दाखातर त्यांनी पोथी आठ दिवस आमच्या घरी ठेवली. एकच अट घातली, मुन्शीजींचा हात तिला लागता कामा नये. वडिलांना ही अट सांगताना लाज वाटली. मुन्शीजींना काही वाटलं नाही. "बराबर आहे," ते म्हणाले. "मी पण माझा कुराण कुणाला देत नाही."

म्हणून मी. मी मुन्शीजींचा हात, आणि मीच त्यांचे डोळे.

आठ दिवस दुपारी आम्ही ओसरीवर बसलो. मी पाटावर, पोथी समोर चौरंगावर, आणि मुन्शीजी खांबाला टेकून तीन हात दूर. लाल बासन मी सोडायचे, लाकडी फळी मी काढायचे. पान उलटताना वारा आला तर ते हात पुढे करत आणि मध्येच मागे घेत. मी आत पाणी प्यायला गेले तरी ते तिथेच बसून असत, हात मांडीखाली दाबून. गयाबाई म्हणायची, "पोथी कुठं पळून जाऊन राह्यलीय का? जरा पाय तरी मोकळे करा."

"पाय मोकळे आहेत, हात बांधलेत," ते म्हणत.

नियम त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितले. शब्द जोडलेले आहेत, ते तोडायचे नाहीत. चूक वाटली तरी तीच लिहायची. डाग असेल तिथे डाग काढायचा. आणि कसर लागून कागदाला भोक पडलं असेल, तर तेवढंच भोक आपल्या कागदावर रेघेनं काढायचं आणि आत काहीही लिहायचं नाही. "भोक खरं असतं, बेटी. भोकात माणूस शिरला की खोटं सुरू होतं."

मी एक पान उतरवायचे आणि मग वाचून दाखवायचे. एकेक नाव आलं की ते डोळे मिटत. काही वेळानं म्हणत, "आहे. हे गाव आहे. मी तिथे पाणी प्यालोय." मग बोट वर करत. सातव्या दिवसापर्यंत एकतीस वेळा बोट वर झालं होतं. मला आता अक्षरं लावावी लागत नव्हती. ओळीच्या ओळी मी सरळ वाचत होते, शब्द कळत होते. मराठी मला त्या आठ दिवसांत आली. हे मी त्यांना सांगितलं नाही.

सातव्या संध्याकाळी ते वडिलांना म्हणाले, "एक राहिलं. शेवटच्या पानावर असेल. नाव मिळालं तर ठीक. नाहीच मिळालं, तर पाऊस लागायच्या आत शहागडपासून खाली दोन्ही काठ चालून काढतो. गाव गाव विचारत."

वडील म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? नदीकाठी दोन्ही बाजूंचे लोक बंदुका घेऊन बसलेत. तुमची दाढी बघून एक मारेल आणि हातातला पोथीचा कागद बघून दुसरा."

"मग दोघांना सांगेन, गाव शोधतोय."

"ते ऐकायला थांबतील?"

मुन्शीजींनी खिशातले चिंचोके चाचपले आणि ते उठले. त्यांचं ठरलेलं होतं, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

आठव्या दिवशी दुपारी मी शेवटचं पान काढलं. बत्तिसाव्या गावाच्या जागी भोक होतं. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं. आधी एक अक्षर शिल्लक होतं, नंतर एक काना. एवढंच.

मी भोकाची रेघ काढायला पेन टेकवलं. मुन्शीजी खांबाला टेकून वाट बघत होते, मान पुढे काढून, दिसत नसतानाही माझ्या हाताकडे बघत. गयाबाई आडावर तिच्या माहेरच्या गोष्टी सांगत होती. तिचं माहेर बदनापूरच्या पुढे, स्टेशनापासून कोसभर. वाट सपाट, पाटील वडिलांच्या ओळखीचा, गाव भलं. तिथून रोज कुणी ना कुणी आगगाडीनं जालन्याला येत असे. त्या गावाच्या नावाचं पहिलं अक्षर तेच होतं, आणि शेवटी काना होता.

त्या गावाचं नाव मी इथेही लिहिणार नाही.

मी ते भोकाच्या जागी लिहिलं. अक्षर आधीच्या अक्षरांसारखंच काढलं. ते नदीकाठी जाणार नाहीत, एवढंच माझ्या मनात होतं. सकाळी गाडीनं जातील, भाकरी खाऊन संध्याकाळी परत येतील. मग मी वाचून दाखवलं.

मुन्शीजींनी डोळे मिटले नाहीत. "परत वाच," म्हणाले. मी वाचलं. "भोक नाही? डाग नाही?"

"नाही."

"ते तर नदीपासून केवढं दूर आहे," ते हळू म्हणाले. मला वाटलं, संपलं. आता पकडणार. पण ते स्वतःशीच बोलू लागले. तिथून दूधना जवळ आहे, दूधना शेवटी फिरून गोदावरीलाच मिळते, तेव्हा जुन्या लोकांनी तीही धरली असेल. एक पान मागेपुढे झालं असेल. मी खोटं लिहिलं होतं आणि ते त्याला टेकू देत होते. शेवटी त्यांनी बोट वर केलं.

"त्या गावच्या चावडीत मी वीस वर्षं दप्तर तपासलं," ते म्हणाले. "आणि मला कळलं नाही."

संध्याकाळी जोशांचा माणूस पोथी घेऊन गेला.

मी सांगणार होते. पावसाळा लागला की, नद्यांना पाणी आलं की, त्यांचं नदीकाठी जाणं टळलं की. पण पंधरा दिवसांत निरोप आला, की जोशांची बैलगाडी वाटेत लुटली. माणसं पोचली, सामान गेलं. मुन्शीजी ते ऐकून आमच्या पायरीवर बसले. मग मला हाक मारली.

"बेटी, आता तुझीच पोथी. जगात ही एकच."

यानंतर कसं सांगणार होते मी? बरेचदा ओठांवर आलं. मी तशीही कमी बोलणारी होते, कुणाला काही वेगळं वाटलं नाही.

ते त्या गावी जायला लागले. पहिल्यांदा रिकाम्या हातानं आले, काहीच जुळत नव्हतं. अंतर जुळेना, दिशा जुळेना. दुसऱ्या कुठल्या गावाबद्दल त्यांनी तेव्हाच मान हलवली असती. इथे त्यांनी नक्कल खरी धरली आणि जमिनीवर संशय घेतला. दुसऱ्या खेपेला मारुतीच्या देवळामागे त्यांना बुजलेली एक विहीर दिसली. गाळाखाली तीन पायऱ्या. ते परत आले तेव्हा शेरवानी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली होती आणि चिंचोके मोजायचे विसरले होते.

गयाबाई सांगायची, "माहेरी नुस्ता गोंधळ. आमचं गाव पोथीत हाय म्हणून माझा भाऊ समद्यांना सांगत सुटलाय. चार मानसं रोज गाळ काढून राह्यलीत. मुन्शीजी काठावर बसतेत खुर्ची टाकून, नवरदेवावानी."

लोकांच्या दगडांपुढे उभं राहून ज्यांनी एका गावाला खरं सांगितलं होतं, ते आता दुसऱ्या एका गावाला खोटं सांगत होते, माझ्या अक्षरातून. मला जेवण जात नसे. आई म्हणे, हवा मानवली नाही.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली आणि रझाकारांचं राज्य संपलं. मुन्शीजी तेव्हा त्या गावीच होते. गाड्या बंद झाल्या. जालन्यात लोक गुलाल उधळत होते, आणि काही गल्ल्यांतून दारं आतून लावलेली होती. वडील दिवसातून तीनदा म्हणत, "तिथे ते सुरक्षित आहेत. तिथे सगळे त्यांना ओळखतात." मी पण तेच म्हणत होते, मनात, मोजत मोजत.

गयाबाई बारा दिवसांनी कामावर आली. आधी भांडी घ्यायला बसली. वडिलांनी विचारलं तेव्हा तिनं राखेतला हात काढला नाही.

"गावची न्हाईत, साहेब. बाहेरची लोकं आल्ती. दाढीवाला कोन हाय म्हणून विचारत हिंडत व्हती."

"मग गावानं काय सांगितलं?"

"गावानं काय सांगावं? ते पळालेच न्हाईत. मी गाव शोधायला आलोय म्हणत व्हते." ती तवा घासत राहिली. "माझ्या भावाच्या दाराशी आल्ते. नाव घेऊन हाक मारली त्याला, दोनदा. त्यानं दार न्हाई उघडलं. लेकरं व्हती ना घरात."

"मग?" हे मी विचारलं.

"मंग काय, बाई. ती ईहीर व्हतीच उकरलेली. दुसऱ्या दिशी गावानं माती लोटली."

दिवाळीनंतर वडील मला घेऊन मुन्शीजींच्या घरी गेले. गल्लीतली निम्मी घरं बंद होती. त्यांच्या बायको, आमच्या चाची, पडद्याआड बसल्या होत्या. वडील बाहेर, मी पडद्याच्या कडेला. मला तांदूळ निवडणारे त्यांचे हात तेवढे दिसत होते. वडील जे बोलायचं ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

मग त्या म्हणाल्या, "बेटी, एक सांग. सगळी गावं ते मला रोज मोजून दाखवायचे. एकतीस गावं, सगळी नदीवर. मला पण पाठ झालीत. हे एकच इतकं दूर. नदी कुठे, हे कुठे. मी त्यांना म्हटलं पण होतं. तिथे त्यांचं काय काम होतं?"

तीस वर्षं जमीन मोजणाऱ्या माणसानं जे सोडून दिलं, ते घराबाहेर न पडलेल्या बाईनं बरोबर धरलं होतं. वडील माझ्याकडे पाहत होते. बहुतेक मी काहीतरी समाधानाचं बोलेन या आशेनं.

"पोथीत लिहिलं होतं," मी म्हणाले.

पडद्याआडचे हात थांबले.

"मग बराबर," चाची म्हणाल्या. "लिहिलेलं असल्यावर ते कुणाचं ऐकणारे नव्हते."

आणि त्यांनी पडद्याखालून पाण्याचे दोन पेले पुढे सरकवले. वडिलांनी एक उचलला. दुसरा माझ्यासाठी होता. मी तो सगळा प्यायले.